थांब म्हणालो होतो

१२ जानेवारी

मुलगी घरी आली. कायमची. तसं ती तोंडानं म्हणाली नाही. दोन बॅगा आतल्या खोलीत ठेवल्या, हातपाय धुतले आणि आईला विचारलं, "माझी जुनी उशी आहे का गं?" हिनं कपाटावरून उशी काढून दिली. मी दारात उभा. झालं काय, हे विचारायचं होतं. विचारलं भलतंच, "जेवून आलीस?" "हो बाबा," म्हणाली. चेहऱ्यावरूनच कळत होतं, सकाळपासून पोटात काही नाही.

मग मायलेकी दार लोटून आत बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. मला बाहेर नुसती कुजबुज. बायकांना हे बरं जमतं. एकीनं रडायचं, दुसरीनं पाठीवरून हात फिरवायचा, मग दुसरीनं रडायचं.

मी उद्या बगळ्याला सांगेन.

१३ जानेवारी

ही वही कुणाच्या हाती पडली तर त्याला वाटेल मी पक्षी पाळलाय. बगळ्या म्हणजे माझा जोडीदार. उंच, काटकुळा, एका पायावर भार टाकून उभा राहतो म्हणून बगळ्या. तो मला वकील म्हणतो, कारण माझं तोंड बंद नसतं. आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीत मेकॅनिकांच्या जोड्या दोन-तीन वर्षांत मोडतात, आमची लग्नापेक्षा जास्त टिकली असं सगळे म्हणतात.

आज त्याला सांगितलं. असल्या गोष्टी माणसाच्या तोंडाकडे बघून सांगता येत नाहीत, मला तरी. तो गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मोटारीपाशी वाकून ब्रेक बघत होता, मी त्याच्या मागे खोक्यावर बसून तारा सोलत होतो. मोटार चालू होती. म्हटलं, "पोरगी परत आली रे काल. सासरचं सगळं संपवून आली. आता नाही जायची."

तो जरा थांबला. मान वळवून हसला आणि म्हणाला, "वा, छान झालं." परत ब्रेककडे.

मी तारा सोलत राहिलो. दुसरं काय करणार. या माणसानं त्या पोरीला खांद्यावर बसवून फिरवलंय.

१४ जानेवारी

सकाळी भेटल्या भेटल्या बगळ्या म्हणाला, "काल तू मुलीचं सांगितलंस, माझं लक्ष नव्हतं रे. रात्री हिच्याकडून कळलं. फार वाईट वाटलं."

त्याची बायको आणि माझी बायको रोज दुपारी फोनवर तासभर बोलतात. घरात सुई हरवली तरी पलीकडे कळतं. तेव्हा कळलं असणारच. पण मी सांगितलं तेव्हा लक्ष नव्हतं आणि बायकोनं सांगितलं तेव्हा लक्ष आलं, याला काय म्हणायचं? मी तसं बोलूनही दाखवलं, हत्यारांची पेटी उचलता उचलता, त्याच्याकडे न बघता. त्यानं उत्तरसुद्धा दिलं नाही. उभा राहिला आपला एका पायावर.

२० जानेवारी

कामापुरतं बोलायचं असं ठरवलं आहे.

आमच्या कामात कामापुरतंही बोलावं लागतंच. एकजण केबिनच्या छपरावर उभा राहतो, तिथल्या बटणानं केबिन भिंतीतल्या रुळांवरून हळूहळू वर-खाली नेता येते. दुसरा खाली कुठल्यातरी मजल्यावर, शाफ्टचं, म्हणजे लिफ्टच्या विहिरीचं, दार उघडून. वरच्यानं ओरडायचं "खाली घेतो". खालच्यानं हात-डोकं बाहेर काढून मोकळा असल्याचं सांगायचं. मगच बटण दाबायचं. पूर्वी मी भाषणच द्यायचो. "या महाराज, वाट झाडून ठेवली आहे, सावकाश या, खाली आपली प्रजा उभी आहे." शाफ्टमध्ये आवाज घुमायचा, बगळ्या वरून हसायचा, इमारतीतले लोक दारं उघडून बघायचे कोण वेडे आलेत.

आता मी "हं" म्हणतो. पुरे.

२९ जानेवारी

आज इस्पितळाच्या इमारतीत रखवालदारानं बगळ्याला मागून दोन हाका मारल्या. हा आपला चालत राहिला. त्या म्हाताऱ्याला शेवटी धावत येऊन खांद्याला हात लावावा लागला. मग हा एकदम गोड, "बोला काका, बोला." अलीकडे याला चढलंय जरा. साहेबांनी मध्यंतरी सुपरवायझरच्या जागेबद्दल काहीतरी विचारलं होतं म्हणतात, त्याचंच असेल.

हिला सांगितलं. ही भांडी पुसत होती. म्हणाली, "त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोलत जा ना तुम्ही."

"मी का मोठ्यानं बोलू? मी काय त्याची विनवणी करायची?"

ही आणखी काहीतरी बोलणार होती. मग ताट जागेवर ठेवून आत गेली.

३ फेब्रुवारी

आज कहर झाला. जेवणाच्या सुट्टीत बगळ्या समोर येऊन बसला, डबा उघडला आणि म्हणाला, "वकील, एक सांगू? तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. मोकळं असलं की रुळावर पान्यानं दोनदा ठोक. थांबायचं असलं की एकदाच. छपरावर रूळ हाताशीच असतो, मला हाताला कळेल."

म्हणजे आता माझा आवाजही नको झाला. गुराला काठी आपटून हाकतात तसं ठोकाठोकीवर काम करायचं. मी म्हटलं, "मला तोंड दिलंय देवानं."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "बरं."

दिवसभर त्यानं वरून हाक दिली की मी "हं" म्हणायचो, आणि हटकून थोडा वेळ जाऊ द्यायचा हा. वाकून खाली बघायचा, मग बटण दाबायचा. मला छळायला.

१० फेब्रुवारी

मुलगी हल्ली संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसते. आज धीर करून विचारलं, "तुमचं बोलणं बंद झालं होतं का गं?"

"उलट बाबा. आम्ही सारखे बोलायचो. जे झालं त्यावर बोलायचो, मग जे बोललो त्यावर बोलायचो. बोलून बोलून काही शिल्लकच राहिलं नाही."

मला काही उमगलं नाही. मी म्हटलं, "चहा घेतेस?"

२४ फेब्रुवारी, इस्पितळ

उजव्या हातानं लिहितो आहे, तेवढं नशीब.

एकोणीस तारखेला झालं. मी तिसऱ्या मजल्यावर होतो. शाफ्टचं दार उघडं, डावा हात आत घालून दाराखालच्या चाकाचा नट काढत होतो. बॅटरी उजव्या हातात. बगळ्या वर, केबिनच्या छपरावर. त्यानं हाक दिली, "खाली घेतो."

नट अर्धा निघाला होता. मी म्हणालो, "थांब." आमचं बोलणं तुटल्यापासून माझा जो आवाज असतो त्याच आवाजात म्हणालो. वर बघितलंही नाही, नुसती बॅटरी सावरली. तोवर केबिन हातावर आली.

मग मात्र ओरडलो. अख्ख्या इमारतीनं ऐकलं असेल. केबिन आणखी वीतभर खाली आली आणि मग थांबली. खालच्या मजल्यावरची एक बाई धावत आली होती, ती किंचाळत होती आणि वर बघून दोन्ही हात हलवत होती. बगळ्याचा चेहरा छपराच्या कडेवरून खाली डोकावला, पांढराफटक.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं आहे, पण डॉक्टर म्हणतात त्यात वाकायची ताकद येईलच असं नाही.

२६ फेब्रुवारी

बगळ्या आला होता. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणालो, "निघ इथून."

हा मागे उभा राहून बोलतच राहिला. "वकील, माझ्यामुळे झालं. मी फार..." मी परत म्हणालो, "निघ म्हटलं ना." तरी बोलणं चालूच. शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "अहो, ते जा म्हणतायत तुम्हाला." तेव्हा गप्प झाला. ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं म्हणजे किती. मी वळून बघेपर्यंत गेला होता. उशाशी संत्र्यांची पिशवी.

३ मार्च

घरी आलो. चौकशीसाठी साहेब आणि मुख्य कार्यालयातल्या एक बाई घरी आल्या होत्या. बाई शांतपणे प्रश्न विचारत होत्या, साहेब लिहून घेत होते.

"तुम्ही थांबायला सांगितलं होतं?"

"हो. ओरडून सांगितलं होतं."

"त्यांना ऐकू गेलं असेल?"

"न जायला काय झालं? शाफ्टमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते. आमच्यात महिनाभर बोलणं नव्हतं. त्यानं मुद्दाम केलं की नाही ते मी सांगू शकत नाही. पण त्यानं ऐकलं होतं."

सही केली. ते गेल्यावर ही हातावरची पट्टी बदलायला बसली. खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही ओरडला होतात ना नक्की?"

"ओरडलो होतो," म्हणालो.

तिनं पट्टी जरा जास्तच घट्ट बांधली. परत सोडून बांधावी लागली.

१० मार्च

कंपनीतून एकजण भेटायला आला होता, त्यानं सांगितलं. बगळ्याचा जबाब झाला. बाईंनी विचारलं, "तुम्हाला त्यांचा आवाज आला होता का?" हा म्हणाला, "आला होता. मला वाटलं मोकळं झालं असेल. मी घाई केली." स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. महिनाभर घरी बसवलंय, मग समज देऊन परत घेणार.

हिला मोठ्यानं सांगितलं, मुलीलाही ऐकू जाईल असं. "बघ. ऐकलं होतं म्हणे."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथेच खाली बसली. म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही हो."

१० मार्च, पुन्हा

मघाशी पुढचं लिहवेना.

गेल्या वर्षीपासून. उजवा कान आधी गेला, मग डावा जायला लागला. वहिनींनी, म्हणजे बगळ्याच्या बायकोनं, हिला सांगितलं होतं आणि शपथ घातली होती. कंपनीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. दोघी रोज दुपारी तेच बोलत होत्या. मला वाटायचं भाजीपाला आणि दुखणीखुपणी.

"तू मला सांगितलं नाहीस."

"तिला शब्द दिला होता."

"माझा हात गेला."

"माहीत आहे मला," ही म्हणाली. "रोज मीच धुते ना तो."

मग सांगत राहिली, थांबेना. तिनं वहिनींना कितीदा विनवलं होतं, निदान ह्यांना तरी सांगा म्हणून. वहिनी म्हणायच्या, ते जगाला सांगतील पण वकिलाला नाही. का ते त्यांनाही माहीत नव्हतं. मुलगी आतून येऊन आईजवळ बसली. तिनं मला एवढंच विचारलं, "बाबा, तुमच्या शेजारी रोज उभे असायचे ना काका? तुम्हाला कधीच कळलं नाही?"

मला राग आला. अजून आहे. कुणावर ते ठरत नाही.

१२ मार्च

बगळ्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. आधी हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. "तिनं सांगितलं ना तुम्हाला," म्हणाल्या.  त्या बाजूला झाल्या आणि आत निघून गेल्या, चहा विचारला नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच.

बगळ्या खिडकीशी पाठमोरा बसून पंख्याचं बटण दुरुस्त करत होता. मी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग पुढे जाऊन समोर उभा राहिलो तेव्हा दचकला.

"ऐकलं म्हणून का सांगितलंस?"

त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. आधी मला वाटलं मिशीला काही लागलंय.

"नाही ऐकलं म्हणालो असतो तर कान तपासले असते," तो म्हणाला. "चुकलेल्या माणसाला परत घेतात रे. बहिऱ्याला कोण शाफ्टमध्ये उभं करणार?"

"आणि इतके दिवस कसं निभावलंस?"

"तुझ्यामुळे. तुझं एवढं लांबण असायचं की अर्धे शब्द निसटले तरी अर्थ लागायचा. पुढे तू 'हं'वर आलास. ते 'हं' मला कधी ऐकूच आलं नाही. तुझ्या बॅटरीचा उजेड हलला की मोकळं समजायचो."

 त्याचा आवाज पूर्वीपेक्षा सपाट झालाय, हे मला तेव्हा जाणवलं. की आधीच झाला होता?

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मोठ्यानं बोलला असतास माझ्याशी. एकेक शब्द सुटा करून, लहान पोराशी बोलतात तसं. हीसुद्धा आता तशीच बोलते. तू तरी होतास तसा राहावास म्हटलं." मग हातातलं बटण बघत म्हणाला, "जबाबात आहे की तू ओरडला होतास. थांब म्हणून."

त्यानं वर बघेपर्यंत मी थांबलो. हो म्हणून मान हलवली.

"मग माझंच," तो म्हणाला.

मी म्हटलं, जबाब बदलतो. मुद्दाम केल्यासारखं लिहिलंय ते काढून टाकतो. तो म्हणाला, "काही बदलू नकोस. बदललास की का म्हणून विचारतील. पुढच्या महिन्यात परत घेतायत मला. लोकांना वाटू दे आपलं वैर आहे. तू फक्त गप्प राहा."

गप्प राहीन असं कबूल करून आलो. माझ्याकडून कुणी गप्प राहायचं वचन घेतलं हे कंपनीत सांगितलं तर हसून मरतील.

१५ मार्च

हिनं दुपारी फोन लावला. वहिनींनी उचलला नाही. हिनं पुन्हा लावला नाही, पण फोनजवळच बसून राहिली. मी म्हटलं, कामात असतील. ही म्हणाली, "तुम्ही नका सांगू मला ती कुठे असेल ते."

२ एप्रिल

कंपनीत गेलो होतो. मला आता शाफ्टचं काम नाही, स्टोअरमध्ये बसायचं. तिथे कळलं, बगळ्या सोमवारपासून येणार, आणि त्याच्या जोडीला पुटपुट्याला दिलंय.

पुटपुट्या माणूस चांगला आहे. कामसू. पण तो चहा सांगतो तेव्हा चहावाला तीनदा विचारतो. त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याचं काय म्हणणं आहे ते कुणाला ऐकू आलं नव्हतं अशी आमच्याकडे थट्टा चालते.

बगळ्याला मोबाइलवर लिहून पाठवलं. "पुटपुट्याबरोबर जाऊ नकोस. दुसरा कुणी माग."

उत्तर आलं, "मागितला तर विचारतील. जमवतो."

मी लिहिलं, "त्याला तरी सांग."

"त्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं."

 

४ एप्रिल

हिला विचारलं, काय करू. ही म्हणाली, "मी शब्द पाळला, त्याचं काय झालं ते तुमच्या हाताला दिसतंय. मग मोडला, तर मैत्रीण गेली. मला कशाला विचारता."

 पुटपुट्या डाव्या हातानं काम करतो. आज स्टोअरमधून हातमोजे घेऊन गेला, तेव्हा काहीतरी बोलला माझ्याशी. काय ते मलासुद्धा कळलं नाही.

६ एप्रिल

साहेबांच्या खोलीत सकाळी तिघे होते. साहेब, पुटपुट्या आणि बगळ्या. कामाचे कागद देणं चाललं होतं. मी दार लोटून आत गेलो. बगळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. मान किंचित हलवली त्यानं, नको म्हणून.

साहेब म्हणाले, "काय रे वकील?"

साहेबांशी बोलायचं म्हणून ठरवून गेलो होतो. पण मग मी त्याच्याचकडे वळलो. खोलीत दिव्याखाली उभा राहिलो. साहेबांकडे बघून बोललो असतो तर स्वतःबद्दल काय चाललंय हे त्यालाच कळलं नसतं. ते बरोबर दिसलं नसतं.

मी सावकाश म्हणालो, "हा माणूस खोटं बोलला. त्या दिवशी त्यानं माझा आवाज ऐकला नव्हता. त्याला शाफ्टमध्ये पाठवू नका. त्याला ऐकू येत नाही."

साहेबांच्या हातातला कागद तसाच राहिला. पुटपुट्या एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

बगळ्या पुढे झाला. मला वाटलं मारतो की काय. तो माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "परत सांग. शेवटचं कळलं नाही."

मला परत सांगावं लागलं. एकेक शब्द सुटा करून. "तुला. ऐकू. येत नाही."

"हां," तो म्हणाला. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेला. जाताना दार हळूच लावलं त्यानं. कधी आपटायचा नाही तो दार.

७ एप्रिल

पुटपुट्या येऊन समोर उभा राहिला. बहुतेक आभार मानले. मी मान हलवली.

१९ एप्रिल

बगळ्याला कामावरून काढलं. माहिती लपवली म्हणून. अपघाताचा सगळा ठपका त्याच्यावर. माझा जबाब होता तसाच राहिला, तो कुणी परत विचारला नाही.

घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "तुम्ही बरोबर केलंत बाबा." ही भाजी निवडत राहिली. दुपारी फोन वाजला तेव्हा धावली, पण तो चुकीचा नंबर होता. तरी त्या अनोळखी बाईशी ही दोन-तीन मिनिटं बोलली. कुठे राहता, घरी कोण कोण असतं.

८ मे

आज काही नाही. स्टोअरमध्ये दिवसभर कुणी आलं नाही. नट मोजून खोक्यात भरताना मी एकटाच मोठ्यानं बोलत होतो, हे दारातून जाणाऱ्यानं हसल्यावर कळलं.

२३ जून

बगळ्या दिसला. बाजाराच्या थांब्यावर बसची वाट बघत होता, हातात रोपांची पिशवी. कुठल्याशा रोपवाटिकेत कामाला जातो असं ऐकलं होतं. केस पांढरे झालेत. आणि कानामागे ते यंत्र, बारीक, कातडीच्या रंगाचं. मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, आता सरळ बोलता येईल.

मी जवळ गेलो. त्यानं मला बघितलं. पिशवी खाली ठेवली, कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातलं. मग रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, बस यायची त्या दिशेला.

तिथे गोंगाट फार होता, त्यानं कानाला त्रास होत असेल.

मी शेजारी उभा राहिलो. जायला हवं होतं, पण पाय निघेना. म्हटलं, "पोरगी नोकरीला लागली रे. परवा पहिल्यांदा हसली, आईशी भांडताना." म्हटलं, "मधलं बोट वाकायला लागलंय थोडं." म्हटलं, "ही रोज दुपारी फोनजवळ बसते. वहिनींना सांग." बरंच बोललो. पूर्वी मशीन रूममध्ये बोलायचो तसं, त्याच्याकडे न बघता. एका बाईनं जागा बदलली, तिला वाटलं असेल हा एकटाच बडबडतोय.

बस आली. त्यानं रोपं उचलली आणि चढला. मी खाली राहिलो. खिडकीतून दिसत होतं, त्यानं कंडक्टरसाठी सुटे काढले, आधी रुमाल उघडून यंत्र परत कानात घातलं, आणि मान पुढे करून कंडक्टर काय म्हणतोय ते ऐकलं.